मोटाऊन आणि जेम्स ब्राऊन ऐकून झाले, आता पुढे काय? (जुन्या सोल-फंक रेकॉर्ड्स)

सुई_अडकली (पुणे)

मंडळी, जरा आडवाटेचं विचारतोय. फावल्या वेळात मी बीट्स बनवतो, त्यासाठी जुन्या सोल-फंक गाण्यांतले (अमेरिकेतल्या काळ्या कलाकारांचं साठ-सत्तरच्या दशकातलं संगीत) तुकडे शोधत बसतो. मोटाऊन ही डेट्रॉइटची बडी रेकॉर्ड कंपनी, जेम्स ब्राऊन, अरेथा फ्रँकलिन, कर्टिस मेफील्ड, स्टीव्ही वंडर, मीटर्स हे सगळं ऐकून झालंय. 'अमेन, ब्रदर'मधला तो ड्रमचा तुकडा तर जगानं वापरून चोथा केलाय. आता साधारण १९६५ ते ७५ मधलं, ज्यांची नावंही कुणी घेत नाही असं काहीतरी ऐकायचंय.

अडचण अशी की यूट्यूब फिरून फिरून तेच पुढे करतं. 'रेअर फंक' शोधलं की तीन-तीन तासांचे मिक्स येतात आणि खाली गाण्यांची यादीसुद्धा नसते. माणसानं सुरुवात कुठून करायची? आणि एक खरंच कुतूहल आहे: ही गाणी विसरली गेली ती यथातथाच होती म्हणून, की दुसरं काही कारण आहे? एका विक्रेत्यानं ऑनलाइन एका ४५ची (म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी रेकॉर्ड, दर बाजूला एक गाणं) किंमत माझ्या महिन्याच्या घरभाड्याएवढी सांगितली. एवढं द्यायचं असतं का?

कट्टेकर

स्पॉटिफायला 'डीप फंक' टाक, कान बंद होईपर्यंत ऐक. विषय संपला.

ह्यूस्टनकाकू

कट्टेकर, विषय संपत नाही हो. तसं नुसतं ऐकलं तर सगळंच सारखं वाटायला लागतं आणि महिन्याभरात कंटाळा येतो.

सुई, मी मूळची मिरजेची. इथे टेक्सासात पीव्हीसीच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. शनिवारी सकाळी जुन्या घरांतल्या सामानाच्या विक्रीला जाऊन ४५च्या खोक्यांपुढे बसकण मारते. आमचे हे गाडीत पेपर वाचत थांबतात. तर माझा सल्ला एवढाच: गाणं धरून शोधू नकोस, गाव धरून शोध.

आपल्याला हे शिकवावं लागत नाही. किराणा, ग्वाल्हेर, अत्रौली ही शेवटी गावांचीच नावं, आणि आपण आवाज ऐकून गाव ओळखतो. अमेरिकेतल्या सोलचंही तसंच होतं, फरक इतकाच की डेट्रॉइट, मेम्फिस, फिलाडेल्फिया आणि मसल शोल्स या चार-पाच घराण्यांचीच नावं जगाला माहीत झाली. बाकी प्रत्येक मध्यम शहरात काळ्या वस्तीत एखादा रेडिओ निवेदक, एखादा रेकॉर्डच्या दुकानाचा मालक, कुठे न्हावी, कुठे चर्चमधला ऑर्गनवाला स्वतःचं लेबल काढून बसला होता. पाचशे-हजार प्रती छापायच्या, गाडीच्या डिकीत टाकायच्या, गावातल्या स्टेशनला द्यायच्या, ज्यूकबॉक्सवाल्याला गळ घालायची. गाणं गावात चालायचं. पण शंभर मैलांवर ते पोचवणारा वितरक माल आधी घेणार आणि पैसे तीन महिन्यांनी देणार, दिलेच तर. दुसरी रेकॉर्ड छापायला हातात काही उरायचंच नाही. तेव्हा यथातथा होती म्हणून विसरली गेली, असं नाही. विसरायला आधी माहीत तरी व्हायला हवीत ना! ती गावाच्या वेशीबाहेर गेलीच नव्हती.

माझ्याच गावाचं सांगते. ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डात इरास्टस स्ट्रीटवर डॉन रोबी यांची ड्यूक-पीकॉक कंपनी होती. एल्विसनं १९५६ मध्ये गाजवलेलं 'हाउंड डॉग' १९५३ मध्ये पीकॉकवर आलं होतं, बिग मामा थॉर्नटनच्या आवाजात. गायक बॉबी ब्लँड याच कंपनीचा, ओ. व्ही. राइटही याच कंपनीचा. मेम्फिसच्या तोडीचा पसारा होता, पण १९७३ मध्ये रोबींनी तो एबीसी या बड्या कंपनीला विकला आणि आज ह्यूस्टनमधल्या तरुण पोरांना तो रस्ता कुठे आहे हेही सांगता येत नाही.

आता अपवाद बघ. केसीओएच रेडिओवर स्किपर ली फ्रेझिअर नावाचे निवेदक होते. त्यांचं स्वतःचं ओव्हाइड हे लेबल. त्यावर आर्ची बेल अँड द ड्रेल्स यांचं 'टायटन अप' आलं, तेही बी साइडला, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या, दुय्यम बाजूला. मागे वाजवणारे टीएसयू टोरोनॅडोज, म्हणजे टेक्सास सदर्न विद्यापीठातली मुलं. गाणं ॲटलांटिक या बड्या कंपनीनं उचललं आणि १९६८ च्या वसंतात ते देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. आर्ची बेल तेव्हा लष्करात होता आणि पायाच्या दुखापतीमुळे पश्चिम जर्मनीतल्या इस्पितळात पडून होता! ॲटलांटिकनं उचललं नसतं, तर हे गाणंही आज कुणाच्या तरी गॅरेजमधल्या खोक्यात असतं. टोरोनॅडोजनी स्वतःच्या नावावर काढलेल्या बऱ्याचशा रेकॉर्ड्स तशाच पडून होत्या. त्या ऐक. 'टायटन अप'चा तोच बास ऐकू येतो आणि कुणी सांगायच्या आधी गाव कळतं.

आणि आता माझ्या सर्वांत लाडक्या विषयाकडे येते, जरा सहन कर. फिफ्थ वॉर्डच्या वरच्या अंगाला कॅशमिअर गार्डन्स ही वस्ती. तिथल्या सरकारी हायस्कूलच्या बँडचे मास्तर होते कॉनराड जॉन्सन, सगळे त्यांना 'प्रोफ' म्हणत. स्वतः चांगले जॅझ वादक, पण संसारासाठी शिक्षकी पत्करलेली. त्या काळात शाळांचे स्टेज बँड ग्लेन मिलरच्या धर्तीचं जुनं स्विंग वाजवायचे, कोट घालून, खुर्चीवर ताठ बसून. प्रोफनी १९६७ च्या सुमारास सोल गायक ओटिस रेडिंगचा कार्यक्रम पाहिला आणि ठरवलं की आपली पोरं हे करतील. वाजवतानाच नाचायचं, ट्रम्पेट हवेत फिरवायचे, आणि तरीही पानावरचा एक सूर चुकवायचा नाही. पंधरा ते अठरा वर्षांची पोरं रे ती! १९७२ मध्ये अलाबामातल्या मोबिल इथे देशभरातल्या शाळांच्या स्पर्धेत ती पहिली आली. नंतर युरोप झाला, जपान झाला.

प्रोफ सगळं ध्वनिमुद्रित करून ठेवायचे आणि थोड्या प्रती छापून घ्यायचे. शाळेत, कार्यक्रमाच्या दारात विकायच्या, संपल्या की संपल्या. १९७४ च्या एलपीचं नावच 'आउट ऑफ गॅस बट स्टिल बर्निंग'. ते तेलटंचाईचं वर्ष होतं, इथे पेट्रोल पंपांवर रांगा लागलेल्या. आमच्या धंद्यातला एक बारकावा सांगते: रेकॉर्ड ज्याची बनते ते पीव्हीसी बरंचसं तेला-वायूपासून निघतं, त्यामुळे १९७३-७४ च्या टंचाईत रेकॉर्डचा कच्चा मालही महागला. मोठ्या कंपन्यांचा माल आधी छापला जायचा आणि पाचशे प्रतीवाला रांगेत मागे. कित्येक छोटी लेबलं त्याच सुमाराला बसली, आणि उरल्यासुरल्यांना पुढे डिस्कोनं गिळलं. कुणी वाईट वाजवायला लागलं होतं असं अजिबात नाही.

कॅशमिअरच्या रेकॉर्ड्स पुढे ड्रमचे तुकडे शोधणाऱ्यांना सापडल्या. ईगन नावाच्या संग्राहकाच्या नाऊ-अगेन या लेबलनं २००६ मध्ये 'टेक्सास थंडर सोल' हा दोन भागांचा संच काढला, त्यात मैफलींचं मुद्रणही आहे. २००८ च्या फेब्रुवारीत जुने विद्यार्थी, आता पन्नाशीचे, बरेच जण तीस-तीस वर्षं वाद्याला न शिवलेले, सरांसाठी पुन्हा एकत्र आले आणि त्यांच्यासमोर वाजवलं. प्रोफ तेव्हा ९२ वर्षांचे. त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले. 'थंडर सोल' या २०१० च्या माहितीपटात हे सगळं आहे. पण आधी 'ऑल प्रेझेस' ऐक, मोठ्या आवाजात, आणि हे शाळेच्या बँडचं आहे हे घरच्यांना शेवटपर्यंत सांगू नकोस.

मग कोलंबस, ओहायो घे. बिल मॉस हे तिथले रेडिओ निवेदक, त्यांचं कॅपसोल हे लेबल जेमतेम चार-पाच वर्षं टिकलं. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपनं २००४ मध्ये आपल्या 'एक्सेंट्रिक सोल' मालिकेतला पहिलाच संच काढला तो या लेबलचा. त्यातलं 'यू कान्ट ब्लेम मी' चार पुरुषांनी मिळून गायलेलं आहे. लोक फंकच्या नादात असली संथ गाणी सोडून देतात, तू सोडू नकोस. तू बीट्स करतोस म्हणून: मॅरियन ब्लॅकचं 'हू नोज' त्याच लेबलवरचं, आणि त्यातला तुकडा आरजेडी२ या हिप-हॉप निर्मात्यानं २००२ मध्ये वापरला. तोही कोलंबसमध्येच वाढलेला. बघ, गाव सुटत नाही ते असं.

आणि सॅन अँटोनिओच्या मिकी अँड द सोल जनरेशनचं 'आयर्न लेग' राहिलंच. त्यांचं सगळं काम डीजे शॅडोनं २००२ मध्ये स्वतःच्या लेबलवर एकत्र आणलं. नावात पाय आहे आणि ऐकताना तोच हलतो.

पावडरवाला (बोल्टन, लँकशायर)

काकूंचं गावाचं म्हणणं पटलं, पण निम्मी कथा आमच्याकडची आहे, ती राहू नये. या रेकॉर्ड्स अमेरिकेनं टाकून दिल्या आणि गोळा केल्या त्या उत्तर इंग्लंडमधल्या गिरणी-कामगारांच्या पोरांनी. मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, ब्लॅकपूलचा मेक्का, आणि इथून जवळच विगन कॅसिनो, हे सगळे रात्रभर नाचायचे क्लब. विगन चाललं सप्टेंबर १९७३ ते डिसेंबर १९८१, शनिवारी मध्यरात्रीनंतर दार उघडायचं आणि रविवारी सकाळी आठला बंद. दारू नाही. पाय सरकावेत म्हणून फरशीवर टॅल्कम पावडर टाकायचे, माझं इथलं नाव त्यावरूनच. मी आलो तोवर सगळं संपलेलं होतं, पण माझ्याबरोबर डेपोत काम केलेले दोघे तिथले नाचणारे होते. अजून लाकडी फरशी दिसली की गिरकी घेतात.

डेव्ह गोडिन या पत्रकारानं याला 'नॉर्दर्न सोल' नाव दिलं. मोटाऊनसारखी वेगवान, पण मोटाऊनइतकी न चाललेली गाणी हवीत, एवढाच नियम. ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' १९६५ मध्ये अमेरिकेत बी साइडला पडून होतं. इथल्या क्लबांत ते गाजलं आणि त्यामुळेच सॉफ्ट सेल या इंग्लिश जोडीनं १९८१ मध्ये ते पुन्हा गाऊन पहिल्या क्रमांकावर नेलं.

किमतीचं विचारलंस म्हणून फ्रँक विल्सन या गायकाची गोष्ट सांगतो. 'डू आय लव्ह यू', १९६५, मोटाऊनच्या 'सोल' या उपलेबलसाठी छापलेली. विल्सननं गाण्यापेक्षा निर्मितीत राहायचं ठरवलं आणि छापलेल्या प्रती नष्ट केल्या गेल्या, असं सांगतात. मोजक्या वाचल्या. २००९ मध्ये एक प्रत २५ हजारांहून जास्त पौंडांना गेली, २०२० मध्ये एक लाखाला.

ह्यूस्टनकाकू

पावडरवाले, तुमच्या मंडळींचे उपकार आहेतच, पण एक गोष्ट मला पचत नाही, ती म्हणजे लेबलवर कागद चिकटवणं. दुसऱ्या डीजेला रेकॉर्ड कळू नये म्हणून खरं नाव झाकायचं आणि खोटं नाव सांगायचं. तुमचा हाच फ्रँक विल्सन विगनमध्ये एडी फॉस्टर या नावानं वाजत होता ना? म्हणजे आधी अमेरिकेनं माणूस विसरायचा आणि मग चाहत्यांनी त्याचं नाव पुसायचं.

पावडरवाला

खरंय, पण काकू, ती चढाओढ नसती तर कुणी अमेरिकेतल्या गोदामांत जाऊन धूळ खाल्ली नसती. आणि 'डू आय लव्ह यू' १९७९ मध्ये इथे रीतसर निघाली, खऱ्या नावानं, ती त्या झाकलेल्या कागदामुळे तयार झालेल्या मागणीपोटीच.

ह्यूस्टनकाकू

बरं, निम्मं मान्य.

दादर_बीबी

मुंबईचा एक धागा जोडतो. गायिका आशा पुथली. मुंबईत वाढलेल्या, भारतीय शास्त्रीय शिकलेल्या, साठच्या दशकात इथल्या एका बीट बँडबरोबर ईपी केलेल्या. मग न्यूयॉर्क. १९७१ मध्ये ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन'वर दोन गाणी त्यांची आहेत. जॅझमधल्या इतक्या अवघड माणसाबरोबर पहिल्या फटक्यात गाणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. १९७६ मध्ये सीबीएसनं युरोपात 'द डेव्हिल इज लूज' काढली, तिच्यातलं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या द लॉफ्ट या नाचाच्या पार्ट्यांत डीजे डेव्हिड मॅनकुसो वाजवायचा. १९९७ मध्ये रॅपर नोटोरियस बीआयजीच्या अल्बमवर त्याच गाण्याचा तुकडा आहे. आपल्याकडे मात्र सत्तरीच्या गृहस्थांना विचारलं तर 'कोण? भोसले?' असं विचारतात.

जाता जाता: रूपा बिस्वास यांची 'डिस्को जॅझ', १९८२. कॅनडात कॅलगरीला मुद्रित झाली, सरोदवर आशिष खाँ. तेव्हा कुणी विचारली नाही, २०१९ मध्ये काकूंच्या त्याच न्यूमेरोनं पुन्हा काढली. बंगाली बोल आणि खाली फंकचा बास. काकू, हिचं गाव कुठलं धरायचं? कोलकाता की कॅलगरी?

सुई_अडकली

बापरे, रविवार गेला माझा. टोरोनॅडोज लावले आणि काकू म्हणतात तो बास खरंच तोच आहे. कॅशमिअर ऐकून बाबा विचारत होते कोणता बँड. सांगितलं नाही.

दोन शंका उरल्या. मी हे तुकडे कापून वापरतो तेव्हा त्या लोकांना काही मिळतं का? आणि मूळ ४५ घ्यायचीच झाली तर फसगत कशी टाळायची?

ह्यूस्टनकाकू

दादरवाले, रूपाला दोन गावं देऊ, आपल्यातल्या निम्म्यांना आहेतच की.

सुई, पैशाचं ऐक. तू ज्याचा चोथा म्हणालास तो ड्रमचा तुकडा द विन्स्टन्सचा, १९६९. रेकॉर्डच्या वरच्या बाजूच्या 'कलर हिम फादर'ला ग्रॅमी मिळालं, 'अमेन, ब्रदर' ही तिची बी साइड. मोजून चार मात्रावर्तनं, सहा-सात सेकंद, वाजवणारा ग्रेगरी कोलमन. त्यावर जंगल आणि ड्रम अँड बेस हे इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत वारला. बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर याला पहिली मोठी रक्कम मिळाली ती २०१५ मध्ये, साधारण २४ हजार पौंड. तीही कुठल्या कंपनीकडून मिळाली नव्हती, चाहत्यांनी इंटरनेटवर वर्गणी काढली होती.

दुसऱ्या टोकाला शिकागोचा सिल जॉन्सन. 'डिफरन्ट स्ट्रोक्स', १९६७, सुरुवातीचं ते हसणं तू नक्की कुठेतरी ऐकलं असशील. गाण्याचा धंदा चालेना तेव्हा त्यानं माशांची उपाहारगृहं काढली. पुढे रॅपवाल्यांनी ते हसणं आणि ते ड्रम उचलल्याचं कळलं तेव्हा वकील गाठून एकेकाकडून वसुली सुरू केली, आणि ते तो सगळ्यांना अभिमानानं सांगायचा. २०१० मध्ये न्यूमेरोनं त्याचं जुनं काम एका मोठ्या संचात काढलं, ग्रॅमीची नामांकनं मिळाली. २०२२ मध्ये गेला. माझा आवडता माणूस! 'इज इट बिकॉज आय ॲम ब्लॅक' ऐकल्याशिवाय झोपू नकोस.

म्हणून माझं मत सरळ आहे. जुनी मूळ ४५ तू विक्रेत्याकडून लाखाला घेतलीस तरी गायकाच्या घरी एक डॉलर जात नाही. मूळ माणसाला किंवा त्याच्या वारसांना शोधून, करार करून काढलेली आवृत्ती घेतलीस तर जातो. तेव्हा आधी ती. भाड्याएवढे पैसे मुळीच देऊ नकोस. आणि तुझ्या बीट्स विकल्या जायला लागल्या, तर परवानगी काढ बाबा.

मूळ घ्यायचीच असेल तर हे बघ. ४५ दोन पदार्थांच्या असायच्या, व्हिनाइलच्या आणि स्टायरीनच्या. स्टायरीन कडक असतं, लेबलचा कागद वरून चिकटवलेला दिसतो. नखानं हलकेच टिचकी मारलीस तर आवाज खणखणीत येतो. व्हिनाइलमध्ये कागद दाबातच बसतो, आणि वाकवलं तर थोडं वाकतं. स्टायरीन वाईट सुईनं फार लवकर झिजतं. वरून चकचकीत दिसणारी रेकॉर्ड वाजवली की खरखर करते ती याचमुळे, म्हणून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नकोस. रेडिओत वापरलेल्या प्रतीत सुरुवातीच्याच सेकंदांत सळसळ असते, कारण निवेदक सुई ठेवून तबकडी मागे-पुढे करत जागा धरायचे.

मग गाणं संपतं तिथली कोरी जागा उजेडात तिरकी धर. तिथे क्रमांक खरवडलेला किंवा ठोकलेला असतो, कधी 'बेल साउंड' किंवा 'नॅशव्हिल मॅट्रिक्स' असा शिक्का. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर त्या रेकॉर्डचं पान उघडून अक्षर न् अक्षर जुळव. गाजलेल्या नॉर्दर्न सोल रेकॉर्ड्सच्या चोरट्या छपाया सत्तरीतच निघाल्या होत्या. त्या आता पन्नास वर्षं जुन्या झाल्यात, त्यामुळे कागद पिवळा पडलाय एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस.

आणि लेबल वाच. गाण्याच्या नावाखाली कंसात लिहिणाऱ्याचं नाव असतं, खाली निर्माता, प्रकाशन संस्था, कधी चक्क रस्त्याचा पत्ता. एक नाव आवडलं की त्या नावाच्या बाकीच्या रेकॉर्ड्स काढ, लेबलच्या क्रमांकाप्रमाणे मागची-पुढची ऐक. मी ओव्हाइडची यादी अशीच काढली होती. पुढच्या आठवड्यात तुला पाठवते, तोवर टोरोनॅडोजच्या दोन्ही बाजू ऐकून ठेव.

कट्टेकर

काकू, मलाही पाठवा.